दहावीनंतर डिप्लोमा (मुंबई): ब्रँच कशी ठरवायची आणि पहिलं वर्ष कसं निभावायचं?

भांडुपकरीण

नमस्कार. मुलाचा दहावीचा निकाल लागला, ७८ टक्के. मराठी माध्यम. गणित चांगलं आहे, इंग्रजी यथातथाच. त्याला अकरावी सायन्स नको, डिप्लोमाच करायचा म्हणतो आणि त्यातही इलेक्ट्रिकल. घरात काही बंद पडलं की हाच उघडून बसतो. मागे मिक्सर बंद पडला तेव्हा दुकानदार मोटर बदला म्हणाला होता. याने उघडून बघितलं आणि कार्बन ब्रश झिजलेत एवढंच आहे म्हणाला. ब्रश बदलले, मिक्सर सुरू.

माझे दीर म्हणतात, डिप्लोमाच करायचा तर कॉम्प्युटरचा कर, बाकीच्या ब्रँचला मुंबईत नोकऱ्या राहिलेल्या नाहीत. शेजारच्या ताई म्हणतात डिप्लोमा मागे पडलेल्या मुलांसाठी असतो आणि पुढे इंजिनिअरिंगला अडतं. मिस्टर रेल्वेत आहेत, पण आमच्या दोघांच्याही घरात या बाजूला कोणी गेलेलं नाही. कॉलेज बघताना नेमकं काय बघायचं? ब्रँचचा निर्णय कशावरून घ्यायचा? आणि प्रवेश मिळाल्यावर पोरगं तिथे टिकावं म्हणून आम्ही काय करायचं? ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाची यादी) भरायची वेळ जवळ आली आहे, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

निवृत्त_मास्तर

ताई, आधी ते "पुढे अडतं" मनातून काढून टाका. डिप्लोमा तीन वर्षं, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन. एकूण सहा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, तीही सहाच. थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं. मधेच घरात अडचण आली आणि शिक्षण थांबवावं लागलं, तर बारावीवाल्याच्या हातात बारावीची मार्कशीट असते. डिप्लोमावाल्याला महापालिकेत कनिष्ठ अभियंता, रेल्वेत जेई (म्हणजे कनिष्ठ अभियंताच), केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची एसएससी जेई असे अर्ज करता येतात. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल या तिन्हींना ही दारं उघडी आहेत.

"मागे पडलेल्यांचं" हे तर मुंबईत कोणी म्हणू नये. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ साली सुरू झालं ते या शहराच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना हाताने काम जाणणारी शिकलेली माणसं हवी होती म्हणून. तिथे आजही पदवीच्या बरोबरीने डिप्लोमा चालतो.

आता मुद्द्याचं. मी तंत्रनिकेतनात शिकवण्यात आयुष्य घालवलं. ब्रँच चुकली म्हणून बाहेर पडलेली मुलं मी थोडी पाहिली, पहिल्या वर्षाच्या गणितात अडकून बाहेर पडलेली पुष्कळ. दहावीतून आलेल्या मुलापुढे पहिल्याच सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्समध्ये लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्ह असं सगळं एकदम येतं. दुसऱ्या सेमिस्टरला अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये इंटिग्रेशन. अकरावी-बारावीत ज्याला दोन वर्षं मिळतात ते इथे काही महिन्यांत उरकतं. त्यात प्रवेशफेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीतली मुलं वर्गात येऊन बसतात तोवर पहिली दोन प्रकरणं झालेली असतात, आणि इंटिग्रेशन समजायला ती दोन प्रकरणंच लागतात.

म्हणून आत्ताचा मोकळा काळ वापरा. क्लास लावायची गरज नाही. दहावीचं बीजगणित परत काढा: अवयव पाडणं, घातांकाचे नियम, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. मुलं पार्शल फ्रॅक्शनमध्ये अडतात ती पार्शल फ्रॅक्शनमुळे नाही, त्यांना अवयव पाडता येत नाहीत म्हणून. मग त्रिकोणमितीची सूत्रं पाठ नकोत, ती एकातून दुसरं काढता आलं पाहिजे. एवढं झालं तर तुमचा मुलगा पहिल्या दिवशी वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे असेल.

वडाळा_लोकल

काकू, मी इलेक्ट्रिकलच्याच तिसऱ्या वर्षाला आहे, मराठी माध्यमातूनच आले. इंग्रजीची भीती मलाही होती. आता तंत्रशिक्षण मंडळाने परीक्षेत मराठी-इंग्रजी मिश्र उत्तर लिहायची मुभा दिली आहे, त्यामुळे व्याख्या इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत असं करता येतं. पण ओरलला बाहेरचे परीक्षक येतात तेव्हा शब्द इंग्रजीच लागतात. मी एक वही फक्त शब्दांसाठी केली होती. रेझिस्टन्स, रिअ‍ॅक्टन्स, इम्पिडन्स हे तीन शब्द सुरुवातीला एकच वाटायचे. प्रत्येकासमोर एक वाक्य मराठीत आणि एक आकृती काढली, तेव्हा वेगळे झाले.

मार्कांचं गणित समजून घ्या. थिअरीच्या विषयात ७० मार्क सेमिस्टरच्या शेवटच्या पेपरचे आणि ३० वर्गातल्या चाचण्यांचे. शिवाय प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे आणि ते मॅन्युअलवर अवलंबून. मॅन्युअल म्हणजे मंडळाची छापील प्रयोगवही. ती त्या त्या आठवड्यात तपासून सही घेतली तर काही त्रास नाही. आमच्या वर्गातली मुलं शेवटच्या आठवड्यात एकाची बघून दुसरा असं उतरवतात, रात्री जागतात, आणि त्याच आठवड्यात पेपरचा अभ्यास बुडतो. केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या, बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू होते.

प्रवासाचा विचार खरंच करा. पहिल्या वर्षी ड्रॉइंग असतं. मिनी ड्राफ्टर (रेघा आखायचं साधन), शीटची नळी आणि पाठीवर दप्तर घेऊन सकाळच्या गर्दीत दादरला गाडी बदलायची म्हणजे शीटची कड दुमडतेच. दुमडलेली शीट सर परत काढायला लावतात. आमच्या बॅचचा एक मुलगा डोंबिवलीहून यायचा. हुशार होता, पण घरी पोचेपर्यंत त्याच्यात काही उरायचंच नाही.

भांडुपकरीण

मास्तर, खूप आभार. अवयव पाडण्यापासून आजच सुरुवात केली. वडाळा_लोकल, तुझं प्रवासाचं वाचून मी आणि मिस्टर दोघंही विचारात पडलो. आम्ही फक्त कटऑफची यादी घेऊन बसलो होतो. भांडुपहून विद्याविहार आणि माटुंगा गाडी न बदलता होतं, वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाला दादरला बदलावं लागेल आणि पुढे खेरवाडीपर्यंत जायचं. पण तिथली फी परवडणारी. काय करावं?

टूलरूमवाला

वांद्रे शासकीय असो की माटुंगा, मार्क पुरत असतील तर वर ठेवा. भांडुप ते वांद्रे हा प्रवास मुंबईच्या मानाने मोठा नाही. पोरगं पंधरा-सोळाचं आहे, पहिल्या महिन्यात सरावेल. डोंबिवलीहून येणं वेगळं, हे वेगळं.

मी अंबरनाथला टूलरूम सांभाळतो आणि दरवर्षी अ‍ॅप्रेंटिस घेतो, डिप्लोमाचे आणि आयटीआयचे दोन्ही. मार्कशीट बघतोच. पण आधी हातात व्हर्निअर देतो, समोर एक गोल तुकडा ठेवतो आणि व्यास सांग म्हणतो. बहुतेक मुलं लगेच तुकडा जबड्यात धरतात आणि आकडा सांगतात. क्वचित एखादा आधी रिकामे जबडे मिटवतो, शून्याची रेघ शून्यावर बसते का बघतो, नसली तर किती फरक आहे ते मनात धरतो आणि मग तुकडा मोजतो. माझं व्हर्निअर मुद्दाम ०.०४ मिलिमीटरने चुकलेलं ठेवलंय. त्या मुलाला मी बाकीचे प्रश्न फारसे विचारत नाही. कारण ही सवय पुस्तकातून येत नाही. त्याच्या कॉलेजात कोणीतरी प्रत्येकाच्या हातात साधन दिलं आणि उभं राहून बघितलं, तेव्हाच ती येते.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, लॅब बघा. इलेक्ट्रिकलची मशीन लॅब दाखवा म्हणावं. मोटर-जनरेटरचे सेट चालू स्थितीत आहेत का, टर्मिनलवर धूळ आहे की वायरी काढल्या-लावल्याच्या खुणा आहेत, एका सेटवर किती मुलं उभी राहतात? पाच-सहाच्या वर असतील तर दोघं जोडणी करतात आणि बाकीचे रीडिंग उतरवतात. तुमच्या मुलासारख्याला ते सोसणार नाही.

कोडिंगकर

दीरांची बाजू मांडतो, कारण त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलो आणि आज सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुंबई-पुण्यात या क्षेत्रात जागा जास्त निघतात आणि पगार लवकर वाढतो हे खरं आहे. मुलाला संगणकासमोर तासन् तास बसून एक चूक शोधत राहायला आवडत असेल तर बिनधास्त घ्या.

पण एक सांगतो. माझ्या क्षेत्रात कंपन्या फ्रेशर म्हणून पदवीधर शोधतात, त्यामुळे कॉम्प्युटरच्या डिप्लोमानंतर पदवी जवळपास ठरलेलीच. इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलमध्ये डिप्लोमावरच नोकरीला लागून पुढे वाढलेली माणसं मी बघितली आहेत. घरची परिस्थिती तीन वर्षांनी कमावता हात हवा अशी असेल, तर हा फरक लक्षात घ्या.

टूलरूमवाला

कोडिंगकर, हे बरोबर मांडलंत. "मुंबईत नोकऱ्या राहिलेल्या नाहीत" यावर थोडं सांगतो. एलबीएस मार्गावरचे कारखाने गेले, तिथे टॉवर आले, हे खरंच आहे. मेकॅनिकलवाल्याला उत्पादनाचं काम हवं असेल तर अंबरनाथ, तळोजा, चाकण. पण टॉवर, हॉस्पिटलं, मॉल, मेट्रो यांना सबस्टेशन लागतं, लिफ्ट लागते, एसी प्लांट लागतो, पंप लागतात आणि ते चोवीस तास चालवायला माणूस लागतो. ऐरोलीला आणि चांदिवलीला जी डेटा सेंटर आहेत त्यांना सगळे कॉम्प्युटरचं काम समजतात. आत जाऊन बघा, अर्ध्या इमारतीत ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, जनरेटर आणि कूलिंग. तिथे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली मुलं शिफ्टला असतात. पुढे अनुभवावर विद्युत सुपरवायझरचा परवाना काढता येतो. तो हातात असला की कंत्राटदाराकडेसुद्धा वेगळी किंमत मिळते.

कुर्ला_आयटीआय

आयटीआयचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितोय. मी इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, दोन वर्षं. नंतर रेल्वेच्या वर्कशॉपला अ‍ॅप्रेंटिस. मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला, आयटीआयच्या दोन वर्षांवर तो मिळतो. ज्या मुलाला थिअरी जड जाते आणि हात चांगला आहे त्याच्यासाठी हा रस्ता फार चांगला आहे. माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, रेल्वे, आरसीएफ (चेंबूरचा खत कारखाना), सगळीकडे अ‍ॅप्रेंटिस घेतात, स्टायपेंड मिळतो. तुमच्या मुलाचं गणित चांगलं आहे, त्याने डिप्लोमाच घ्यावा. पण इथे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

चेंबूरची_मावशी

माझ्या भाचीचा अनुभव सांगते, कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिल्या फेरीत एका खासगी तंत्रनिकेतनात मिळालं, तिने प्रवेश घेतला. पुढच्या फेरीत दुसरीकडे चांगली ब्रँच लागली तर हे लोक मूळ दाखला आणि मार्कशीट देईनात. आज या, उद्या या. शेवटी आम्ही लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागितली, तेव्हा कागद बाहेर आले. मूळ कागद अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही संस्थेला नाही, एआयसीटीईचे (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे) नियम याबाबत स्पष्ट आहेत. आणि फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यावर "डेव्हलपमेंटचे वेगळे, पावती नाही" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. देणगी घेऊन प्रवेश देणं या राज्यात १९८७ च्या कायद्याने बंद आहे.

वडाळा_लोकल

मावशी, बरं झालं लिहिलंत.

फीबद्दल थोडं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळते, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. मुलींना २०२४ पासून, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी असाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून) हवा, मॅनेजमेंटच्या जागेवर हे काही मिळत नाही. त्याशिवाय टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफी योजना) म्हणून पाच टक्के जागा असतात, तिथे ट्यूशन फी नसते. त्या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो. ऑप्शन फॉर्ममध्ये त्याच कॉलेज-ब्रँचचा हा कोड वेगळा टाकावा लागतो, नाहीतर विचारच होत नाही. बरीच मुलं हे विसरतात.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर, हे आधीच काढा. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते.

भांडुपकरीण

काल आणि आज मिळून आम्ही कॉलेजं बघून आलो, मुलालाही नेलं. टूलरूमवाल्या दादांनी सांगितलं तसं लॅब दाखवा म्हटलं. एका ठिकाणी "प्रवेश झाल्यावर बघा" म्हणाले. दुसरीकडे लॅब असिस्टंट काकांनी स्वतः उघडून दाखवली. एका टेबलावर थ्री फेज मोटर उघडी ठेवलेली होती. मुलगा तिथेच वाकून बसला, वाइंडिंगचं काय काय विचारायला लागला. काकांनी त्याला स्टेटरच्या खाचा मोजायला लावल्या आणि "आता सांग, एका फेजच्या वाट्याला किती?" असं विचारलं. त्याने भागाकार करून बरोबर सांगितलं. घरी येताना गाडीत बोलायचा थांबेना. त्याच्या बाबांनी तिथेच ठरवलं, इलेक्ट्रिकल. दीरांनाही रात्री फोन करून सांगितलं. ते म्हणाले, त्याचा हात तिकडे चालतो तर जाऊ दे.

आता ऑप्शन कोणत्या क्रमाने भरू? भाचीसारखं होऊ नये म्हणून पहिल्या नंबरवर सहज मिळेल असं टाकावं असं एक जण सांगत होते.

निवृत्त_मास्तर

नाही ताई, अजिबात नाही. क्रम आवडीचा ठेवायचा, शक्यतेचा नाही. वरचे पर्याय नाही मिळाले तर यंत्रणा आपोआप खालच्यांकडे येते. वर कठीण पर्याय टाकल्याने खालची जागा जात नाही. उलट पहिल्या फेरीत तुमचा पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होतो, पुढे बदलता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरवर सहज मिळणारं टाकलंत तर तेच गळ्यात पडेल. जिथे मिळालं असता पुन्हा दुसरीकडे बघावंसं वाटणार नाही तेच पहिलं. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत घालूच नका.

इलेक्ट्रिकल आणि इतर ब्रँच यांची सरमिसळ करायची का, हेही ठरवा. लांबच्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल की जवळच्या चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स, हा प्रश्न मुलाला विचारा आणि त्याच्याच उत्तराने क्रम लावा. एनबीए (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मानांकन ब्रँचला मिळतं, पूर्ण कॉलेजला नाही, हेही तपासा. एका कॉलेजात सिव्हिलला असेल आणि इलेक्ट्रिकलला नसेल असं होतं.

पवई_दुसरं_वर्ष

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलोय. मास्तरांनी पहिल्या वर्षाच्या गणिताचं लिहिलं, त्याला जोडून पुढचं सांगतो. आम्ही इथे येतो तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित आमचं झालेलंच नसतं आणि तिसऱ्या सेमिस्टरला लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फुरिअर सिरीज समोर येतात. बारावीवाले तोवर दोन सेमिस्टर गणित करून आलेले असतात. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन यात आम्ही त्यांच्या पुढे असतो, प्रॅक्टिकलला तेच आम्हाला विचारायला येतात. पण पहिल्या इंटर्नल चाचणीला आम्ही आपटतो. मी डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत सीनिअरकडून पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तकं आणून इंटिग्रेशन परत केलं, म्हणून निघालो. तुमच्या मुलाला पदवी करायची असेल तर त्याने डिप्लोमाच्या पहिल्या वर्षानंतर गणित सोडून देऊ नये. विषय संपतो, पण गरज संपत नाही.

भांडुपकरीण

हे वहीत लिहून ठेवलं. शेवटचे दोन प्रश्न: पहिल्या वर्षापासून लॅपटॉप घ्यावा का? आणि बाहेरचा क्लास?

वडाळा_लोकल

इलेक्ट्रिकलला पहिल्या वर्षी लॅपटॉप लागत नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं. प्रोजेक्टच्या वेळी बघा. त्याऐवजी चांगला मल्टिमीटर, इन्सुलेटेड पक्कड आणि टेस्टर घेऊन द्या, आणि मेनवर एकट्याने काम करायचं नाही हे आत्ताच पक्कं सांगा. सायंटिफिक कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून लागेल. मिनी ड्राफ्टर नवा घेऊ नका, आमच्या वर्गातले सगळे विकायला काढतात. माझाच आहे, स्क्रू नीट घट्ट बसतात. विचारपूस करायची असेल तर मला निरोप टाका.

क्लास पहिली चाचणी होईपर्यंत लावू नका. तिचे मार्क बघा. गणितात कमी आले तर फक्त गणिताचा लावा.